फवारणाऱ्यासाठी लिहिलेला कागद

कीटकनाशकाच्या वेष्टनात एक घडीपत्रक असते. १९७१च्या कीटकनाशक नियमांनुसार ते देणे बंधनकारक आहे. इंग्रजी, हिंदी आणि प्रादेशिक भाषा एकाच कागदावर बसवायच्या, म्हणून अक्षर मुंगीएवढे होते. पीक, कीड, मात्रा, सावधगिरी, विषबाधेची लक्षणे, प्रथमोपचार, उतारा, रिकाम्या डब्याची विल्हेवाट असे सगळे त्यात येते आणि सगळे सारख्याच ठशात. कायद्याला तेवढे पुरते.

२०१७च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. त्याचा सगळा दोष या कागदावर टाकता येणार नाही. कपाशी त्या वर्षी फार उंच वाढली होती, रसायने एकमेकांत मिसळून फवारली जात होती, संरक्षक साधने बहुतेकांकडे नव्हती. पण धोक्याची सूचना ज्याच्यासाठी आहे त्याच्यापर्यंत ती पोचते का, हा प्रश्न या मृत्यूंनी आपल्यापुढे ठेवला आहे.

बाटलीवरचा रंगीत त्रिकोण पाहा. लाल सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. आता ज्याने रंगांचा अर्थ रस्त्यावरच्या सिग्नलवरून शिकला आहे, त्याला पिवळा म्हणजे जरा जपून एवढेच कळणार. प्रत्यक्षात पिवळा त्रिकोण अतिविषारी रसायनावर असतो. निळ्याला तर सिग्नलमध्ये जागाच नाही. हिरवा पाहून माणूस निर्धास्त होतो, पण तेही विषच आहे. रंग निरक्षरालाही कळतात हे खरे. मात्र त्यांचा क्रम कोणीतरी शिकवावा लागतो, आणि ते काम आपण कोणावरच सोपवलेले नाही.

त्याहून मोठी अडचण वेगळी आहे. बाटली विकत घेतो शेतमालक, फवारतो मजूर. बांधावर मजुराच्या पुढ्यात येते ते पिंपात कालवलेले द्रावण. घडीपत्रक मालकाच्या घरी किंवा कचऱ्यात गेलेले असते. ते हाती आलेच, तर त्यातली वाक्ये ‘संरक्षक वस्त्रे परिधान करावीत’ अशा धर्तीची. कोणी, कधी, कोणती, काहीच कळत नाही. याउलट ‘नोझल तुंबले तर तोंडाने फुंकू नको’, ‘वारा तोंडावर येत असेल तर थांब’, ‘कपडे भिजले तर लगेच काढ, अंग साबणाने धू’ ही वाक्ये मजुराच्या कामाच्या क्रमाने चालतात. सेंद्रिय फॉस्फरस गटातली विषे कातडीतूनही शरीरात शिरतात. म्हणून भिजलेल्या सदऱ्याची सूचना मोठ्या अक्षरांत, चित्रासह, सर्वांत वर हवी. आणि विदर्भातल्या ऑक्टोबरच्या उन्हात जाड रबरी पोशाख घाला असे सांगणारा कागद पुढच्या ओळीवरचाही विश्वास गमावतो. भल्या सकाळी फवारा, पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, नाकातोंडावर मास्क लावा, हे निदान करता येण्याजोगे आहे.

युरोपीय संघात २००४च्या निर्देशानंतर औषधांच्या माहितीपत्रकाचा मसुदा रुग्णांना दाखवून तो त्यांना कळतो का, हे तपासावे लागते. कीटकनाशकांसाठी आपल्याकडे तसा नियम व्हायला हवा. छपाईपूर्वी मसुदा फवारणी करणाऱ्या मजुरांना द्यावा, ज्यांना वाचता येत नाही त्यांना चित्रे दाखवावीत आणि विचारावे: पंप भरण्याआधी काय कराल, चक्कर आली तर काय कराल? उत्तर चुकले, तर मसुदा बदलावा. कीटकनाशकांना मंजुरी देणाऱ्या नोंदणी समितीने ही अट घालावी आणि कृषी विद्यापीठांनी तपासणीची जबाबदारी घ्यावी.