निवेदकाचा न्याय

संगीताच्या कार्यक्रमात गाणारा, साथ करणारे आणि ऐकणारे असे तीन पक्ष आपण मोजतो. चौथा एक जण असतो, त्याला मोजण्याची रीत नाही. तो म्हणजे निवेदक. गाणे रंगले तर श्रेय गायकाचे, कार्यक्रम रेंगाळला तर दोष मात्र हमखास निवेदकाचा. पुणेकर श्रोत्यांना हा मनुष्य अपरिचित नाही. सुधीर गाडगीळ यांनी मराठी निवेदनाला बैठकीतल्या गप्पांचा सूर दिला. सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंडपात आनंद देशमुख यांचा आवाज वर्षानुवर्षे ऐकू आला. त्याही आधी, १९५२ पासून, रेडिओ सिलोनवरील बिनाका गीतमालेने अमीन सयानी हे नाव घरोघर नेले. परंतु रेडिओवरील निवेदकाला चेहरा नव्हता. दूरचित्रवाणीने तो दिला, आणि चेहऱ्यासोबत साडी, दागिने, हसण्याची तऱ्हा हे सारेच चर्चेचे विषय झाले.

झी मराठीवर २००८-०९ मध्ये झालेल्या ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’ची आठवण बहुतेक घरांत अजून ताजी असेल. कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन आणि रोहित राऊत ही पाच मुले तेव्हा महाराष्ट्राची लाडकी झाली. अवधूत गुप्ते व वैशाली सामंत परीक्षक होते आणि सूत्रसंचालन पल्लवी जोशी यांचे होते. त्या स्वतः बालवयात अभिनय करू लागलेल्या, आणि हिंदीतील ‘अंताक्षरी’मुळे गाण्यांच्या कार्यक्रमातही मुरलेल्या. कसबा पेठेतील वाड्यांतून त्या दिवसांत घरभेटीला गेले की बोलणे तिकडेच वळत असे. मुलांविषयी सर्वांचे एकमत, बाईंविषयी मात्र एकाच घरात दोन तट! आजीबाई म्हणत, घाबरलेल्या लेकराला ती किती मायेने जवळ घेते पाहा. महाविद्यालयात जाणारा नातू म्हणे, दोन गाण्यांच्या मध्ये इतके बोलणे कशाला, गाणे ऐकू द्या की.

यांपैकी बरोबर कोण? माझ्या मते दोघेही. आजी मुलांकडे पाहत होती आणि नातू गाणे ऐकत होता. एकाच निवेदिकेकडून एकाला आईपण हवे होते, दुसऱ्याला संयम हवा होता. असे मतभेद निरोगी असतात. घरात ते व्हावेतच.

पण तिसरे एक मत असे, आणि तेच मला विचार करावयास लावीत आले आहे. “ते सगळे नाटक आहे हो, कॅमेरा बंद झाला की ओळखसुद्धा दाखवत नसेल.” हे वाक्य बोलणाऱ्याने कामाचे परीक्षण सोडून अंतःकरणाचे परीक्षण हाती घेतलेले असते. निवेदन लांबले, शब्द चुकला, स्तुती सरसकट झाली, एवढे आपल्याला पडद्यावर दिसते. माया खरी की खोटी, हे दिसत नाही. मुळात अशा कार्यक्रमात निवेदकाची कितीतरी वाक्ये दुसऱ्याने लिहिलेली असतात, चित्रण आधी झालेले असते, आणि काय ठेवायचे व काय कापायचे ते संकलनाच्या खोलीत ठरते. ज्या बडबडीला आपण एका व्यक्तीचा स्वभाव समजतो, ती चार जणांनी मिळून केलेली रचना असू शकते.

आपल्या श्रद्धेत या प्रश्नाला जुनी वाट आहे. संत इग्नेशियस लोयोला यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या १५४८ मध्ये पोपमहोदयांची मान्यता मिळालेल्या ग्रंथाच्या आरंभीच एक सूचना आहे. तिचा आशय असा, की शेजाऱ्याच्या बोलण्याचा होता होईल तो चांगला अर्थ घ्यावा. तसा घेता येत नसेल तर त्यालाच विचारावे, आणि तो चुकत असेल तर प्रेमाने सुधारावे. आठव्या आज्ञेचे विवरण करताना कॅथोलिक श्रद्धाग्रंथानेही याच सूचनेचा आधार घेतला आहे. अडचण मधल्या पायरीपाशी येते. पडद्यावरील माणसाला आपण विचारू शकत नाही. जिथे विचारण्याची सोयच नाही, तिथे हेतूविषयी निकाल देण्याचा अधिकार वाढतो की कमी होतो? मला वाटते, कमी होतो.

म्हणून टीकाच करू नये काय? तसे मुळीच नाही. ‘इंटर मिरिफिका’ या १९६३ च्या हुकूमनाम्यात द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने प्रेक्षकांवरही कर्तव्ये टाकली आहेत. काय पाहावे याची निवड विवेकाने करावी, हे त्यांतले एक. स्पर्धेतून बाहेर पडणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाचे अश्रू कॅमेरा जवळ जाऊन टिपत असेल, तर वाहिनीला खरमरीत पत्र लिहावे. (आणि तेवढा वेळ आपण डोळे न मिटता पाहत होतो, हेही त्या पत्रात नमूद करावे!) कसब्यातील तांबट आळीत गिऱ्हाईक मठारलेले भांडे वाजवून घेते. त्यात तांबटाचा अपमान नाही. मात्र भांडे वाजवता वाजवता ते तांबटाच्या डोक्यावर टिचक्या मारू लागले, तर त्याला गिऱ्हाईक कोण म्हणेल?

२०२१ मध्ये लिटिल चॅम्प्सचे नवे पर्व आले. सूत्रसंचालन मृण्मयी देशपांडे यांचे होते, आणि पूर्वीची ती पाच मुले मोठी होऊन परीक्षणाच्या खुर्चीत बसली होती. तोवर मत देण्याचे साधन प्रत्येकाच्या खिशात आले होते. आजी-नातवाचे भांडण पूर्वी वाड्याच्या भिंतींत राही. आता ज्याच्याविषयी बोलावे त्याच्या हातातील मोबाइलवरच ते पोचते.

निवेदकाचे माप कोणते, हे योहानाच्या शुभवर्तमानात सापडते असे मला वाटते. बाप्तिस्मा करणारा योहान स्वतःला वराचा मित्र म्हणवतो. तो उभा राहून ऐकतो, आणि वराचा शब्द कानी पडला की आनंदतो. ख्रिस्तसभेने मिस्साविधीतील निवेदकासाठी केलेला नियमही त्याच जातीचा आहे. त्याने पूर्वतयारीने, स्पष्ट आणि थोडके बोलावे. श्रद्धावंतांकडे तोंड करून योग्य जागी उभे राहावे, पण वाचनपीठावरून बोलू नये. ती जागा प्रभुशब्दाची.

एका धर्मग्रामात अकरावीतली एक मुलगी रविवारच्या मिस्सेत हे निवेदन करीत असे. शनिवारी रात्री चार ओळी लिहून आणी आणि आवाज थोडा चढवून वाची. एकदा मिस्सा संपल्यावर पायऱ्यांवर कोणी तरी म्हणाले, “स्वतःला पल्लवी जोशी समजते काय?” म्हणणारे गृहस्थ दुष्ट नव्हते, दरसाल सणाला मंदिराची सजावट हौसेने करणारे होते. मुलगी दोन पायऱ्या मागे होती, हे त्यांनी पाहिले नव्हते. पुढच्या रविवारी तिने कागद आणला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. काही आठवड्यांनी त्या गृहस्थांनीच मला विचारले, “फादर, आपल्याकडे ते निवेदन हल्ली बंद का झाले?” मी कारण सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले, मग त्या मुलीचे घर कोणत्या गल्लीत आहे, एवढेच त्यांनी विचारले.