सुलतान मिर्झाला टाळ्या

आमच्या शाळेच्या सालाना जलशात दोन वर्षांपूर्वी नववीतल्या एका मुलाने सुलतान मिर्झा सादर केला. वडिलांची पांढरी पँट, पांढरा शर्ट. पँट ढगळ होती, चाल मात्र हुबेहूब. हातात खोटी सिगारेट होती, ती आम्ही पडद्यामागेच काढून घेतली. बाकी सगळे राहू दिले. मैदानभर टाळ्या पडल्या. आया-बहिणींनी वाजवल्या, जमातीच्या बुजुर्गांनी वाजवल्या, आम्हीही वाजवल्या. घरी परतताना मनात आले, सिगारेट काढून घेतली आणि स्मगलर ठेवला, हा कुठला न्याय?

'वन्स अपॉन अ टाइम इन मुंबई' हा मिलन लुथरियांचा चित्रपट ३० जुलै २०१० रोजी प्रदर्शित झाला, तेव्हा तो मुलगा रांगत असेल. त्याने तो मोबाईलवर पाहिला. आम्ही पाहिला तो थिएटरात. अजय देवगणचा सुलतान आणि इमरान हाश्मीचा शोएब. नावे बदललेली असली तरी पहिला हाजी मस्तान आणि दुसरा दाऊद, हे प्रेक्षकाला सांगावे लागले नाही. सुलतान सोने आणतो, घड्याळे आणतो. दारूला आणि अंमली पदार्थांना हात लावत नाही. गरिबांना वाटतो. शोएबला असले काही बंधन नाही. काळ्याशेजारी करडा रंग ठेवला की तो पांढरा दिसतो, तसे सुलतानचे झाले आहे. शोएब नसता, तर सुलतानकडे आपण इतक्या मायेने पाहिले असते काय?

या मायेला आणखी एक कारण आहे आणि ते आपण आपसात तरी कबूल करावे. मुस्लिम नावाचा माणूस पडद्यावर ताठ मानेने चालताना दिसावा, ही आपली जुनी भूक आहे. १९७५ च्या 'दीवार'मधला विजय मुसलमान नव्हता. पण त्याच्या छातीजवळ ७८६ चा बिल्ला होता, आणि तेवढ्यावरही आपल्या मोहल्ल्यांनी त्याला आपला मानला. पुढे नवाब आणि शायर यांचे चित्रपट मागे पडले. पडद्यावर आपल्या नावाचा माणूस बऱ्याचदा येऊ लागला तो बॉम्ब घेऊन, नाही तर मुख्य नायकाचा जीवलग म्हणून, नायकासाठी मरायला. अशात सुलतान येतो. तो कुणासाठी मरत नाही, कुणापुढे वाकत नाही, नटीवर प्रेम करतो. आपण टाळी वाजवतो ती त्याच्या धंद्याला नसते, त्याच्या मानेला असते. हे समजण्यासारखे आहे. पण मान आणि धंदा वेगळे काढता येतात का, हा खरा सवाल आहे.

चित्रपटाने एक गोष्ट मोठ्या हुशारीने बदलली आहे. खरा मस्तान रामनाथपुरमकडून आला, मुंबईच्या गोदीत हमाल झाला आणि मग स्मगलर. १९७० च्या दशकात तुरुंगात गेला, पुढे जोगेंद्र कवाडे यांच्यासोबत दलित-मुस्लिम राजकारणात उतरला आणि १९९४ मध्ये वारला. गोळीने नव्हे. सुलतानला मात्र भर सभेत शोएबची गोळी लागते. आजाराने मेलेल्या माणसाचा हिशेब मागता येतो, शहिदाचा मागणे जड जाते.

त्याच्या बाजूने एक मुद्दा आहे आणि तो हलका नाही. सोन्याची तस्करी हा गुन्हा होता, कारण कायद्याने सोने अडवले होते. १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द झाला. १९९२ पासून अनिवासी भारतीयांना शुल्क भरून पाच किलोपर्यंत सोने उघडपणे आणता येऊ लागले. काल ज्या पिशवीसाठी तुरुंग होता, तिच्यासाठी आज पावती मिळते. मग पाप कुठे होते, पिशवीत की कायद्यात? आमच्या एका सहकाऱ्याने शिक्षकखोलीत हाच युक्तिवाद केला आणि आम्हाला लगेच उत्तर सुचले नाही. हराम कमाईतला सदका कबूल होत नाही, हे मकतबातले पोरही सांगेल; पण कमाई हराम का, हे तरी सांगायला हवे ना?

उत्तर आमच्या गावाच्या वाटेवरच होते. आमची शाळा रायगड जिल्ह्यात आहे, खाडीकाठी. एस.टी. गोंडघर फाट्यावरून जाते. फेब्रुवारी १९९३ मध्ये शेखाडीच्या किनाऱ्यावर स्फोटके उतरली, ट्रकमध्ये भरली गेली. त्याआधी जानेवारीत दिघीला उतरलेल्या मालाचे ट्रक याच फाट्यावर पोलिसांनी अडवले आणि पैसे घेऊन सोडून दिले. कस्टमचे अधिकारीही विकले गेले होते; पुढे खटल्यात त्यांच्यापैकी काहींना शिक्षा झाल्या. १२ मार्चला मुंबईत २५७ माणसे मेली. आणि आमच्या किनाऱ्यावरच्या गावांकडे त्यानंतर कित्येक वर्षे संशयाने पाहिले गेले.

ती वाट एका रात्रीत तयार झाली नव्हती. कुठली पुळण काळोखी, कुठला शिपाई किती घेतो, मजूर कुठून मिळतात, हे सगळे सोन्याच्या आणि चांदीच्या दिवसांत ठरून गेले होते. सुलतानने फक्त सोने आणले असे नव्हे, त्याने डोळे विकत घेतले. विकलेला डोळा पुढच्या गोणीत काय आहे, हे पाहत नाही. चित्रपटाला हे ठाऊक आहे. त्यातला पोलीस अधिकारी विल्सन शोएबच्या उदयाच्या ओझ्याखाली जीव द्यायला निघतो आणि सारी कहाणी त्याच्याच तोंडून येते. पण जलशात विल्सन कुणी होत नाही.

हे सगळे आम्ही त्या मुलाला वर्गात सांगितले. तो म्हणाला, "सर, पण सुलतान बुरा माल आणत नव्हता." तेव्हा आम्ही त्याला आमच्या थोरल्या मामूंची गोष्ट सांगितली. आतापर्यंत ती घराबाहेर कुणाला सांगितली नव्हती. १९८० च्या दशकात मामू तरुण होते. रात्री मचवा लागला की निरोप यायचा. डोक्यावरून गोण्या वाहायच्या, पहाटेपर्यंत घरी. एका रात्रीची मजुरी लावणीच्या आठवड्याएवढी. त्या पैशातून नानीच्या घरावर कौले चढली आणि त्याच कौलांखाली राहून आमची दहावी झाली. म्हणजे सुलतानने वाटलेले आमच्याही ताटात आले होते.

मुलगा थोडा वेळ गप्प बसला. मग त्याने विचारले, "मामूंनी कधी गोणी उघडून पाहिली?"

आम्ही म्हणालो, नाही. उघडणाऱ्याला दुसऱ्यांदा निरोप येत नसे.

"मग सोनंच होतं, हे त्यांना कसं माहीत?"

गेल्या ईदला आम्ही हाच सवाल मामूंपुढे ठेवला. ते आता पासष्टीचे आहेत, पाचवक्ती नमाजी आहेत. त्यांनी शीरखुर्म्याची वाटी खाली ठेवली आणि बराच वेळ अंगणाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "त्या दिवसांत असं कोण विचारत होतं?" आणि नानीच्या घराची दोन कौले फुटली आहेत, पावसाआधी बदलायला हवीत, असे बोलू लागले.