पिशाच्चाचे ऋण

जुन्या भयपटांचा नाद ज्यांस एकदा लागला, त्यांचे प्रेम चित्रपटापुरते थांबत नाही. त्याच्या भोवतालच्या बारीकसारीक गोष्टींवर ते अधिकच जडते. बेला लुगोसीचा 'ड्रॅक्युला' १९३१ साली निघाला, हे कोणीही सांगेल. परंतु त्याच देखाव्यांत, दिवसाचे काम आटोपल्यावर, रात्री निराळा नटसंच आणून जॉर्ज मेलफर्ड याने त्याच कथेचा स्पॅनिश बोलपट घेतला, हे सांगताना खऱ्या शौकिनाची मुद्रा कशी उजळते ते पाहण्यासारखे असते. असले ज्ञान निरुपयोगी, असे शहाणी माणसे म्हणतात. आम्हांस तसे वाटत नाही. निरुपयोगी वाटणारी ही माहितीच कधी कधी एखादा नैतिक प्रश्न आपल्या दाराशी आणून उभा करते, आणि मग तो सहजासहजी परत जात नाही.

असा एक प्रश्न 'नॉस्फेराटू' या जर्मन मूकपटाने उभा केला आहे. मुर्नाऊ याने दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९२२ च्या मार्च महिन्यात बर्लिन येथे प्रथम दाखविण्यात आला. कथा उघड उघड ब्रॅम स्टोकरच्या १८९७ सालच्या 'ड्रॅक्युला' कादंबरीची. फक्त नावे बदललेली, ड्रॅक्युलाचा ओरलॉक झालेला. मौज अशी की, चित्रपटाच्या आरंभीच्या पाटीवर स्टोकरच्या कादंबरीचा उल्लेख होता! चोराने घरफोडी करून भिंतीवर मालकाचे नाव लिहून जावे, तसा हा प्रकार. परवानगी मात्र घेतलेली नव्हती आणि मोबदलाही दिलेला नव्हता. स्टोकर १९१२ साली वारला होता. त्याची विधवा फ्लॉरेन्स लंडन येथे राहत होती. बर्लिनच्या त्या खेळाचे कार्यक्रमपत्रक कोणीतरी निनावी टपालाने तिच्याकडे धाडले, आणि ग्रंथकारांच्या संस्थेच्या साह्याने तिने दावा मांडला. चित्रपट काढणारी प्राना कंपनी तोवर दिवाळ्यात निघाली होती. पैसे मिळण्याची आशा संपली, तेव्हा १९२५ साली जर्मन न्यायालयाने चित्रपटाच्या साऱ्या प्रती नष्ट कराव्यात असा निकाल दिला.

प्रती नष्ट झाल्याही. परंतु काही अगोदरच परदेशी गेल्या होत्या. त्या राहिल्या, त्यांवरून नकला निघाल्या, आणि पुढे त्या विखुरलेल्या तुकड्यांवरूनच तज्ज्ञांनी चित्रपट पुन्हा जुळविला. आज आपण तो पाहतो, तो न्यायालयाचा हुकूम पुरतेपणी पाळला गेला नाही म्हणून. तेव्हा विचारावयाचे ते असे: ज्या आनंदाचे मूळ एका विधवेच्या हक्काच्या उल्लंघनात आहे, तो आनंद निष्कलंक मनाने घेता येईल काय?

शौकीन मंडळींनी या प्रश्नाचे उत्तर फार स्वस्तात काढले आहे. त्यांच्या सांगण्यात फ्लॉरेन्सबाई ही कलेची वैरीण ठरते. तरुणपणी ती सुंदर होती, ऑस्कर वाइल्डही तिच्यावर अनुरक्त होता, ही माहिती ते चवीने सांगतात. आणि लगेच, हीच ती जिने एक अजरामर कृती जाळावयास सांगितली, असे म्हणून मोकळे होतात. हा अन्याय आहे. तिच्या नवऱ्याची अखेरची वर्षे आजारात व ओढगस्तीत गेली. मागे राहिलेल्या पुस्तकांत कमाई देण्याजोगे असे मुख्यतः हे एकच. रूपांतराला तिचा विरोध होता असेही नव्हे. १९२४ साली याच कादंबरीवरील नाटक तिच्या संमतीने रंगभूमीवर आले आणि १९३० साली युनिव्हर्सल कंपनीने रीतसर हक्क विकत घेतले. तिला विचारून, दाम मोजून कोणी आला असता तर तिने दार लावले नसते. ज्याच्या घरातून वस्तू गेली त्याने आरडाओरड केली की त्यालाच अरसिक म्हणावयाचे, ही रीत आमच्या प्रेमिकवर्गाला शोभत नाही.

तथापि तिचा दावा न्याय्य होता एवढ्यावरून तो निकालही न्याय्य ठरत नाही. दुसऱ्याच्या जमिनीवर कोणी वाडा बांधला तर तो पाडावयास लावता येतो, असा दृष्टांत येथे दिला जाईल. पण वाडा पाडल्यावर मालकाला त्याची जमीन मोकळी मिळते. चित्रपट जाळल्याने कादंबरीचे कोणते पान मोकळे झाले? शिवाय त्या चित्रपटात जे होते ते सगळेच स्टोकरचे नव्हते. कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसाउजेडी लंडनच्या रस्त्यांवर हिंडतो; सूर्याचा किरण पडताच रक्तपिपासू पिशाच नाहीसे व्हावे, ही कल्पना या चित्रपटाची. पुढे शेकडो बोलपटांनी ती उचलली, आणि आज लोकांना ती परंपरागत समजूतच वाटते. माक्स श्रेकची ती उंच, ताठर आकृती, जिन्याच्या भिंतीवरून वर सरकणारी ती छाया, ल्युबेक येथील मिठाच्या जुन्या वखारींच्या रित्या खिडक्या, ही कोणाची मालमत्ता? ('श्रेक' या शब्दाचा जर्मन अर्थ भीती. ते नटाचे खरेच आडनाव होते. तरी तो खरोखरीच पिशाच होता ही कंडी इतकी टिकली की २००० साली तिच्यावर एक वेगळा चित्रपटच निघाला.) चोरीच्या सुताने विणलेल्या वस्त्रात विणकराची कलाकुसर राहतेच, आणि ती सुताच्या मालकाची होत नाही.

यावर कोणी म्हणेल, झाले तर मग. पुढच्या पिढ्यांच्या हितासाठी हुकूम मोडणारे पुण्यवान ठरले. येथे आम्ही थबकतो. न जन्मलेला रसिक हा फार सोयीचा पक्षकार आहे. तो न्यायालयात येत नाही, वकिलाला मोबदला देत नाही, आणि ज्याला जे लुबाडावयाचे असेल त्याने त्याचे नाव घ्यावे! त्याच्या नावावर सगळे माफ करू लागलो तर जिवंत लेखकाच्या कुटुंबाने उपाशीच राहावे. म्हणून आम्हांस एक भेद करावासा वाटतो. ज्यांनी त्या प्रती दाखवून तिकिटांचे पैसे खिशात घातले, त्यांनी फ्लॉरेन्सबाईचेच घेतले. त्यांचे आभार मानण्याचे आम्हांस कारण नाही. परंतु ज्याने एखादी पेटी कपाटात नुसती राहू दिली, पेटवली नाही, त्याने तिचे काय नेले? हुकूम मोडला हे खरे. पण बाईच्या मिळकतीत त्याने एका पैशाचीही तूट आणली नाही. ऋण आहे ते याचे.

भेद काढला, तरी शंका उरते. प्रती न दाखवता नुसत्या जपणाऱ्यांकडूनच चित्रपट आपल्यापर्यंत आला असे नाही. दाखवणाऱ्यांनीही नकला काढल्या, आणि त्यांतील कित्येक निकृष्ट होत्या. मूळ चित्रपटात रात्रीचे प्रसंग दिवसा उन्हात घेऊन फितीला निळा रंग दिलेला होता. रंग नसलेल्या नकलांत तेच पिशाच भर दुपारी शवपेटी काखेत मारून चाललेले दिसे आणि प्रेक्षक हसत. जगला तो चित्रपट असा, हसू होत होत जगला. शुद्ध हातांनीच तो आला असता तर बरे. पण तसे झाले नाही.

उलट कायदेशीर मालकीने काय साधले, तेही पाहिले पाहिजे. लॉन चेनीचा 'लंडन आफ्टर मिडनाइट' हा १९२७ चा मूकपट. त्याच्या मालकीबद्दल तंटा नव्हता; ज्या कंपनीने तो काढला तिच्याच कोठारात तो होता. १९६५ साली त्या कोठाराला आग लागली आणि माहीत असलेली अखेरची प्रत गेली. आता शौकीन स्थिरचित्रे पाहून समाधान मानतात. आमच्याकडेही फाळक्यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्रा'चा काही भागच हाती उरला आहे, आणि २००३ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या फिती आगीत गेल्या, त्या तर जतनासाठीच ठेवलेल्या होत्या. त्या जुन्या नायट्रेट फितीचा धर्मच जळण्याचा. मालकीहक्काचा कागद तिला ठाऊक नसतो.

मुर्नाऊची ही पहिली उचलेगिरी नव्हती. १९२० साली त्याने स्टीव्हन्सनच्या 'जेकिल व हाइड'वरून, नावे पालटून आणि परवानगीवाचूनच, 'यानुसकोप्फ' नावाचा चित्रपट काढला होता. त्यात कॉनराड फाइट होता, आणि बटलरच्या किरकोळ भूमिकेत, पुढे ड्रॅक्युला म्हणून जगभर गाजलेला, तोच लुगोसी. तो चित्रपट नष्ट करण्याचा हुकूम कोणी दिला नव्हता. तरी तो हरवला. उद्या एखाद्या माळ्यावरच्या गंजक्या डब्यात त्याच्या चार फिती सापडल्याचे वर्तमान आले, तर आम्ही पहिल्या रांगेत जाऊन बसू. आणि डबा त्या माळ्यावर कसा गेला हे विचारण्याचे आम्हांस सुचेल ते खेळ संपल्यावर, दिवे लागल्यावर.