डांबाचा खड्डा

गावात लाईट आली असं कधी म्हणायचं? सरकारनं २००४ साली याची व्याख्या केली. वस्तीपर्यंत तारा आल्या, शाळा-पंचायत-दवाखान्यात वीज पोचली आणि शंभरातल्या दहा घरांत दिवा लागला, की गाव उजळलं म्हणायचं. उरलेल्या नव्वद घरांनी रॉकेलची चिमणी पुसत बसायचं. पुढं २०१७ साली सौभाग्य योजना आली, तेव्हा घरं मोजायचं मनावर घेतलं गेलं.

आमचा धनगरवाडा त्या नव्वदातला. गावापासून अर्ध्या तासाची खडी चढण. ठेकेदाराचा ट्रक खाली सडकेलाच थांबला. सिमेंटचे डांब वर नेणार कोण? एका डांबाला वीस-बावीस माणसं, दोरखंड, बांबू. खड्डेही वाड्यानंच खणले, तेही कातळात. खालच्या गावातले आम्ही चार-पाचजण खांदा द्यायला गेलो होतो.

काम संपत आलं आणि वाद पेटला. एका म्हातारीच्या घरचं कुणीच कामाला आलं नव्हतं. पोरं मुंबईला, ही एकटी. "ज्याच्या घरचा हात नाही, त्याच्या घरात वायर नाही," असं तरण्या पोरांचं म्हणणं. एक मामा म्हणाले, "ती काय मुद्दाम बसलीया व्हय?" पण पोरांचंही साफ खोटं नव्हतं. दुसरा एक धडधाकट गडी घरात लोळत होता. त्याला फुकट दिलं तर उद्या पाणंदीच्या कामाला कोण येईल?

शेवटी दोघांनाही लाईट मिळाली. म्हातारीचं मला पटलं. तिच्याकडं नव्हतं ते तिनं कुठून द्यायचं? त्या गड्याचं मात्र आजही घशाखाली उतरत नाही. पण त्याच्या घरी दोन शाळकरी पोरी होत्या, आणि बापाच्या आळसाची शिक्षा अंधार करून पोरींना द्यायला मन होत नाही.

साहेब लोक याला लोकसहभाग म्हणतात. मला शब्द आवडतो, पण त्यात लोकांचा खांदा लागतो, तोंड लागत नाही. वाड्यानं सांगितलं होतं, डीपी वर देवळाजवळ बसवा. ती बसली खाली, सडकेलगत. बसवणाऱ्यांना सोपं गेलं. आता भर पावसात फ्यूज उडाला की माणूस निसरड्या वाटेनं खाली येतो आणि वायरमनची वाट बघत बसतो. खड्डा खणणाऱ्याला जागा ठरवायचा हक्क नसेल, तर त्याला सहभागी म्हणायचं की बिनपगारी मजूर?

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यात बिलगाव आहे. तिथल्या आदिवासींनी केरळहून आलेल्या दोन इंजिनिअरांना हाताशी धरून ओढ्याच्या पाण्यावर वीज केली. बांध, पाट सगळं श्रमदानानं. २००३ साली दिवे लागले. पंधरा किलोवॅटचं छोटंसं यंत्र, पण त्यांचं स्वतःचं. तिथं जागा ठरवणारे आणि खणणारे एकच होते. २००६ च्या पावसाळ्यात सरदार सरोवराचं पाणी चढलं आणि ते सगळं बुडालं. धरण किती उंच करायचं ते दुसरीकडं ठरलं होतं. घर बुडालं तर पंचनाम्यात भिंती धरतात, झाडं धरतात. चार गावच्या माणसांनी मिळून खणलेला पाट कुणाच्या नावावर धरायचा?