आवाज ‘गोड’ म्हणजे नेमका कसा?

आपल्या चर्चसाठी नवे स्पीकर घ्यायचे ठरले, तेव्हा आम्ही काही जण दुकानांतून फिरलो. एका ठिकाणी सांगण्यात आले की या स्पीकरचा आवाज ‘उबदार’ आहे. दुसरीकडे तो ‘मोकळा’ होता. तिसरीकडे ‘भारदस्त’, ‘रेशमी’ आणि वर ‘पंचवाला’! आम्ही माना डोलावल्या. खरे तर काहीच कळले नव्हते, पण तसे म्हणायची लाज वाटली. आता प्रश्न पडतो, अशा वेळी मान डोलावणे हे खोटे बोलणेच नव्हे काय?

दोष त्या शब्दांचा नाही. आवाजाचे स्वतःचे असे शब्द भाषेत थोडेच आहेत: कर्कश, घोगरा, खणखणीत. बाकीचे आपण जिभेकडून आणि हातांकडून उसने आणतो. गोड गळा, जड आवाज, कोरडा आवाज. यात लबाडी नाही. लबाडी शिरते ती एखादा शब्द कोणालाही तपासता येणार नाही म्हणून निवडला जातो तेव्हा. तो खरेच ‘उबदार’ नाही, हे कोण सिद्ध करणार?

१८९५ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या एका नव्या व्याख्यानगृहात बोललेले कळेना. वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाकडे ते काम आले. आवाज घुमतो, म्हणजे किती वेळ घुमतो? ऑर्गनची नळी आणि घड्याळ घेऊन तो रात्री मोजत बसे. रिकाम्या सभागृहात नाद विरायला सुमारे साडेपाच सेकंद लागत. तेवढ्यात वक्ता पुढचे कितीतरी शब्द बोलून जाई आणि सारे एकमेकांत मिसळत. दुसऱ्या सभागृहातील आसनांच्या गाद्या आणून ठेवल्या, तसतसा तो वेळ घटत गेला. माणसेही नाद शोषतात. म्हणजे मंगळवारी दुपारी रिकाम्या चर्चमध्ये गाणे लावून आम्ही घेतलेली परीक्षा किती कामाची होती, ते समजा!

संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात, चौदाव्या अध्यायात, रणशिंगाचा दाखला दिला आहे. नाद अस्पष्ट असेल तर लढाईला कोणी सज्ज होणार नाही. नाद रेशमी आहे की नाही, याची त्याला चिंता नव्हती. मंडळीला अर्थ कळावा, ही त्याची तळमळ होती.

आम्ही ‘भारदस्त’ स्पीकर घेतले. सगळे खूश. फक्त शेवटच्या बाकावर बसणाऱ्या एक आजी मिस्सा संपल्यावर म्हणत, “आवाज येतो रे बाबांनो, शब्द येत नाहीत.” वयामुळे त्यांना कमी ऐकू येते, असे ठरवून आम्ही दोन महिने लक्ष दिले नाही. वास्तविक इतके नेमके कोणीच बोलले नव्हते. स्वर जोरकस आणि खालच्या पट्टीत असतात, बरीचशी व्यंजने क्षीण आणि वरच्या पट्टीत. वय झाले की वरची पट्टी आधी जाते. त्यात आम्ही खालची पट्टी फुगवली होती. पान, कान, दान सगळे सारखेच. आमच्या त्या एका शब्दापायी आजींच्या कानी कित्येक रविवार प्रभुवचन पोहोचलेच नाही.

शेवटी एका रविवारी सकाळच्या मिस्सानंतर लोकांना थोडे थांबायची विनंती केली. वाचकाने वीस सुटे शब्द वाचले आणि आजींनी ऐकू आले तसे ते नातवाकडून लिहून घेतले. अकरा बरोबर आले. मग मिक्सरवर बास उतरवला, बाजूच्या भिंतीवरचे दोन स्पीकर बंद केले आणि दुसरे वीस शब्द वाचले. सतरा आले. आम्ही आनंदात असताना आजी म्हणाल्या, “शब्द आले खरे, पण आवाज पूर्वीसारखा गोड नाही.”

या वेळी मान न डोलावता विचारले, “गोड म्हणजे कसा हो, आजी?”

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. “पूर्वी माईक नव्हता ना,” त्या म्हणाल्या, “तेव्हा फादर बोलायचे तिथूनच आवाज यायचा. आता तो भिंतीतून येतो.”

पुढच्या शनिवारी वेदीजवळ स्पीकर लावून पाहणार आहोत. आजींना बोलावले आहे.