नायकानं ठरवलं काय?

भाऊबीज झाली की भंडारा जिल्ह्यात गावोगावी मंडया, म्हणजे जत्रा, भरू लागतात. धान घरात आलेला असतो, लेकी-जावई, पाहुणे जमलेले असतात. दिवसा मंडई, कुठे शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, आणि रात्री नाटक. लाखांदूर-साकोलीच्या गावांत गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या नाटक मंडळ्या येतात, रात्री दहाच्या सुमारास पडदा उघडतो आणि उजाडेपर्यंत प्रेक्षक हलत नाहीत. २०२३ साली इथले नाट्यकलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा उरलेल्या महाराष्ट्राचं या भागाच्या, म्हणजे झाडीपट्टीच्या, रंगभूमीकडे अधिक लक्ष गेलं. सुपरहिरोच्या चित्रपटात नायक खरोखर काही करतो का, हा प्रश्न मला याच प्रेक्षकांसमोर ठेवावासा वाटतो.

तो स्वतःहून काही करत नाही, ही तक्रार रास्त आहे. कट रचतो खलनायक, बेत त्याचा, वेळही त्यानंच ठरवलेली. नायक बातमी ऐकून धावत सुटतो. त्याची शक्तीसुद्धा बहुधा वारशानं किंवा अपघातानं आलेली. २००६ चा ‘क्रिश’ घ्या. कृष्णाला शक्ती बापाकडून मिळते, आजी त्याला जगापासून लपवते, ज्या प्रियावर त्याचं प्रेम आहे ती त्याला सिंगापूरला बोलावून घेते. कथा पुढे सरकते ती इतरांच्या मर्जीनं. पण सर्कशीला आग लागते आणि आत पोरं अडकतात, तिथे चित्र बदलतं. आजीला शब्द दिलाय की शक्ती कुणाला दाखवणार नाही. एक फुटका मुखवटा त्याच्या हाती लागतो. तो चेहऱ्यावर चढवेपर्यंतचे ते क्षण मला पुढच्या सगळ्या उड्यांपेक्षा मोलाचे वाटतात, कारण तिथे त्याला काहीतरी पणाला लावून ठरवावं लागतं.

‘द डार्क नाइट’मध्ये (२००८) तर सगळ्यात मोठा निर्णय नायकाच्या वाट्याला येतच नाही. दोन बोटी, दोन्हींत स्फोटकं, आणि प्रत्येक बोटीवर दुसरीला उडवण्याचं यंत्र. एक धिप्पाड कैदी पुढे होतो, अधिकाऱ्याच्या हातून यंत्र घेतो आणि सरळ खिडकीबाहेर फेकतो. बॅटमॅन तेव्हा दुसरीकडे खलनायक जोकरशी झुंजतोय. त्याची स्वतःची कृती शेवटी येते: सरकारी वकील हार्वी डेंटचे गुन्हे तो आपल्या माथ्यावर घेतो. त्यासाठी ठोसा मारावा लागत नाही. नाव मात्र जातं.

झाडीपट्टीच्या सामाजिक नाटकात नायकाकडे ताकद नसतेच. हुंडा, दारू, कर्ज, भाऊबंदकी हे तिथले विषय. समजा, बहिणीच्या लग्नासाठी जमीन लिहून द्यायची वेळ आलीय. मंचावर एक टेबल, कागद, पेन. सावकार खुर्चीत, आई दाराशी. नायक पेन उचलतो, खाली ठेवतो, पुन्हा उचलतो. त्यानं सही केली तर घर बसतं, नाही केली तर बहिणीचं लग्न मोडतं. जागेवरून हललाही नाही तरी या माणसाला निष्क्रिय म्हणता येणार नाही. मधे लावणी झाली, विनोदी नटानं धमाल उडवली, तरी मंडपातली माणसं त्या कागदाचं काय झालं हे विसरत नाहीत.

अशा नाटकातही पहाटे एखादा साहेब ऐनवेळी पोचतो, सावकाराला बेड्या पडतात आणि नायकाला काही ठरवावंच लागत नाही, असं होऊ शकतं. मग आभाळातून उतरणाऱ्या सुपरहिरोत आणि त्या साहेबात मला फरक दिसत नाही. दोघंही नायकाचा निर्णय हिरावून घेतात.

म्हणून मारामाऱ्या मोजून नायकाचं माप काढणं मला पटत नाही. पडद्यावर किती वेळ दिसला, यानंही काही कळत नाही. त्याच्या जागी दुसरा कुणी तितकाच बलवान माणूस उभा केला तर गोष्ट तशीच घडली असती का, एवढं विचारावं. शेखर कपूर यांच्या ‘मिस्टर इंडिया’त (१९८७) अरुणला अदृश्य करणारं यंत्र मिळतं तेही बापाच्या संशोधनातून, म्हणजे आयतंच. पण खलनायक मोगँबोशी अखेरचा सामना तो त्या यंत्राशिवाय, सगळ्यांना दिसत असताना करतो. अनाथ पोरांना घरात ठेवून त्यांच्यासाठी उधारी-उसनवारी करायचं तर त्यानं यंत्र मिळण्याच्या कितीतरी आधीच ठरवलेलं असतं.