खाते उघडणाऱ्याने घरही बांधावे का?

एका प्रोग्रॅमने एकच काम करावे आणि ते चोख करावे, हा युनिक्सच्या जगातला जुना दंडक. बेल लॅब्समधल्या डग मॅकिलरॉय यांनी 1978 साली तो लिहून ठेवला. पुढे 1983 मध्ये रॉब पाइक यांनी ‘कॅट’ या आज्ञेच्या ‘व्ही’ पर्यायावर टीका केली. फायली एकापाठोपाठ एक ओतणाऱ्या साधनाने न दिसणारी अक्षरे दाखवण्याचा उद्योग कशाला करावा, हा त्यांचा सवाल होता. तेव्हापासून कुठल्याही साधनात नवी सोय घालायची म्हटली की हा दंडक पुढे केला जातो. लिनक्सवर वापरकर्त्याचे खाते उघडणाऱ्या ‘यूजरअ‍ॅड’मध्ये फाइलसिस्टिमच्या खास सोयी असाव्यात का, या वादातही तोच ऐकू येतो. इथे मात्र तो पुरा पडत नाही.

कारण यूजरअ‍ॅड मुळात एकच काम करत नाही. खातेदारांच्या यादीत ते सात रकान्यांची एक ओळ घालते. सांगितले तर होम डिरेक्टरी उघडते, ‘स्केल’मधल्या नमुना फायली तिच्यात उतरवते आणि मालकी नव्या माणसाच्या नावावर करते. म्हणजे नोंद करणारा तलाठी आणि भिंत रचणारा गवंडी ही दोन्ही कामे पहिल्यापासून एकाच्याच गळ्यात आहेत. फाइलसिस्टिमला हात लावावा की नाही, हा प्रश्न उरलेलाच नाही. हात कुठवर घालावा, एवढेच ठरवायचे आहे.

मागणी करणाऱ्यांची गरज खरी आहे. झेडएफएस किंवा बीटीआरएफएसवर प्रत्येक होमसाठी वेगळा कप्पा करता येतो. पहिल्यात त्याला डेटासेट म्हणतात, दुसऱ्यात सबव्हॉल्यूम. स्नॅपशॉट त्या कप्प्याचा निघतो, जागेची मर्यादाही त्यावर घालता येते. सगळ्यांची होम एकाच डेटासेटमध्ये असतील आणि एकाच्या चुकीपायी तो स्नॅपशॉटवर मागे नेला, तर बाकीच्यांचे आजचे कामही पुसले जाते.

‘मग कप्पा आधी हाताने करा आणि नंतर खाते उघडा,’ असे सांगणे सोपे आहे. तसे करून पाहिले की यूजरअ‍ॅड बजावते: होम डिरेक्टरी आधीच आहे, त्यामुळे नमुना फायली उतरवत नाही. मग त्या आपणच उतरवायच्या, मालकी आपणच बदलायची. यातली एक पायरी गाळली तर नवा माणूस लॉगिन करतो तेव्हा त्याचे शेल नेहमीच्या मांडणीशिवाय उघडते किंवा त्याला स्वतःच्याच घरात फाइल लिहिता येत नाही. डेबियनच्या ‘अ‍ॅडयूजर’मध्ये शेवटी स्थानिक स्क्रिप्ट चालवण्याची सोय आहे, पण तोवर घर उभे राहून सामानही लागलेले असते. कप्पा हवा असतो तो नोंद झाल्यानंतर आणि सामान लागण्याआधी. नेमकी तीच जागा बाहेरच्याला मिळत नाही.

म्हणूनच काहींनी ही सोय आत घेतली. सोलारिस 11 मध्ये खात्याबरोबर होमचा झेडएफएस डेटासेट तयार होतो. फ्रीबीएसडीने 14.0 या आवृत्तीत तीच वाट धरली. लिनक्सच्या यूजरअ‍ॅडमध्येही बीटीआरएफएस सबव्हॉल्यूमचा पर्याय आला. मात्र या तिघांची परिस्थिती सारखी नाही. सोलारिस आणि झेडएफएस एकाच घरचे. फ्रीबीएसडीचे ‘अ‍ॅडयूजर’ ही वरच्या थरातली शेल स्क्रिप्ट आहे. खात्याची नोंद तिच्या खालचे ‘पीडब्ल्यू’ करते. लिनक्सचे यूजरअ‍ॅड स्वतःच तळाशी आहे. पॅकेज बसवताना सेवांची खाती तेच उघडते, कंटेनरची प्रतिमा घडवतानाही तेच चालते, तेही रूटच्या अधिकाराने आणि अनेकदा झेडएफएसची साधने नसलेल्या जागी. अशा साधनाला प्रत्येक फाइलसिस्टिमचे नाव शिकवायचे, तर आज दोन आणि उद्या चार नावांची देखभाल त्याच्या मागे लागणार.

खरी कसोटी मात्र खाते बंद करताना लागते. साधी होम डिरेक्टरी ‘यूजरडेल’ सहज काढून टाकते. तिच्या जागी झेडएफएसचा जोडलेला डेटासेट असेल तर आतल्या फायली जातात, पण डिरेक्टरी वापरात आहे म्हणून ती निघत नाही. जुन्या स्नॅपशॉटमध्ये तोच मजकूर जागा अडवून बसतो. माणूस गेला, त्याचा विदा राहिला. गोपनीयतेच्या हिशेबाने ही साधी गोष्ट नाही. बीटीआरएफएसचा पर्याय घालणाऱ्यांनी हे ओळखले होते: होम बीटीआरएफएसवर आहे का हे यूजरअ‍ॅड आधी तपासते आणि सबव्हॉल्यूम काढून टाकण्याची तजवीज यूजरडेलमध्येही केलेली आहे.

माझ्या मते निवाडा असा असावा. तळाच्या साधनाने फाइलसिस्टिमची नावे शिकू नयेत. घर उभारण्याच्या आणि सामान लावण्याच्या मधे बाहेरची स्क्रिप्ट बोलावण्याची एक जागा ठेवावी, आणि तशीच एक जागा घर मोडतानाही. कोणता कप्पा, किती मर्यादा, सांकेतिकीकरण हवे की नको, हे निर्णय वरच्या थराचे. तरीही एखादी सोय तळात घालायचीच असेल, तर यूजरअ‍ॅडमधला बदल सुचवणाऱ्याने यूजरडेलमधला बदलही लिहून आणावा. तो नसेल तर सोय कितीही आकर्षक असली तरी ती नाकारावी.